बदलीवर मेलेली माणसं



आपल्याकडच्या नव्या पोरांच्या कथा वाचायला घेतल्या की एक गोष्ट पुन्हा पुन्हा डोळ्यात भरते. कथा गावातली असो, झोपडपट्टीतली असो, नाहीतर कॉलेजच्या होस्टेलातली असो, शेवटच्या पानावर नायक मरतो. कुणी विहिरीवर मारला जातो, कुणी पोलीस कोठडीत, कुणी स्वतःच दोरी हातात घेतो. लेखकाला विचारलं, बाबा रे, याला का मारलास, तर उत्तर ठरलेलं असतं. वास्तव असंच आहे.

दुसऱ्या बाजूला चळवळीतले काही कार्यकर्ते आहेत. त्यांचं म्हणणं बरोबर उलटं. आपला नायक मरताच कामा नये. तो मेला की वाचणाऱ्या पोरांचं अवसान गळतं. त्याला उभा ठेवा, त्याच्या हातात निळा झेंडा द्या आणि कथा संपवा.

ही दोन्ही उत्तरं मला पटत नाहीत. पहिला माणूस वास्तवाच्या नावावर स्वतःची सुटका करून घेतो. दुसरा माणूस झेंड्याआड वास्तव लपवतो. आपण प्रश्नच चुकीचा विचारतो आहोत असं मला वाटतं. मारायचं की जगवायचं हा प्रश्न नंतरचा. आधी हे विचारायला पाहिजे की हा मेला तर कोण जगतं? कुणाच्या बदली हा मेला?

गिरणीत 'बदली' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी बदलीवाला उभा राहायचा. साचा तोच, कानात बसणारा आवाज तोच, बोट जायचा धोकाही तोच. फक्त नाव कच्च्या यादीत. मुंबईच्या बहुतेक गिरण्या गेल्या, शब्द राहिला. आपल्या देशातल्या जुन्या पोथ्या मी याच शब्दाने वाचतो, आणि मग त्यातली मरणं स्पष्ट दिसायला लागतात.

महाभारतातलं लाक्षागृह घ्या. आदिपर्वात गोष्ट आहे. पांडवांना जाळून मारायचा बेत आहे, तो त्यांना आधीच कळला आहे, पळायचं भुयार तयार आहे. त्या रात्री कुंती जेवण घालते. जेवायला एक निषाद बाई येते, बरोबर तिचे पाच मुलगे. ते दारू पितात आणि तिथंच झोपतात. घराला आग लागते. सकाळी लोकांना सहा प्रेतं मिळतात, एक बाई आणि पाच पुरुष. पांडव मेले असं सगळे समजतात. पांडव जगतात. त्या बाईला नाव नाही. तिच्या मुलांना नाव नाही. महाभारतात साध्या घोड्यांना नावं आहेत, शंखांना नावं आहेत, पण कुंतीच्या बदली जळालेल्या बाईला नाव द्यायची कुणाला गरज वाटली नाही.

पुढं घटोत्कच. कर्णाकडे इंद्राने दिलेली शक्ती आहे, एकदाच वापरता येणारी, आणि ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली आहे. ती घटोत्कचावर खर्च होते. सगळे पांडव रडत असताना कृष्ण आनंदाने नाचतो. अर्जुन वाचला म्हणून. तिथंच तो अर्जुनाला सांगतो की एकलव्यालाही तुझ्याच भल्यासाठी मारला. आपली पोरं एकलव्याचा अंगठाच तेवढा सांगत असतात. अंगठा कापूनही भागलं नाही, पुढं जीवही घेतला, हे द्रोणपर्वात आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

आणि शंबूक. रामायणाच्या उत्तरकांडात एका ब्राह्मणाचं पोर मरतं. का मेलं? तर राज्यात कुठंतरी शूद्र तप करतो आहे म्हणून. राम जातो, शंबूकाचं डोकं उडवतो, आणि तिकडे पोर जिवंत होतं. एक मेला, एक उठला. इतका सरळ व्यवहार जगातल्या दुसऱ्या कुठल्या गोष्टीत असेल असं मला वाटत नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन'मध्ये या प्रसंगाकडे बोट दाखवलं, पण त्यांनी रामाला नुसत्या शिव्या दिल्या नाहीत. त्यांचा मुद्दा असा की चातुर्वर्ण्य शिक्षेशिवाय टिकूच शकत नाही. ते टिकवायचं ठरवलं की शंबूकाला मारणं ओघानं आलं. म्हणजे ते मरण रामाच्या रागातून आलेलं नाही, व्यवस्थेच्या गरजेतून आलेलं आहे. समीक्षा म्हणजे काय हे मी त्या पानावरून शिकलो. कुणी मारलं एवढं सांगून थांबायचं नाही. कशासाठी मारावं लागलं ते सांगायचं.

नंतर भवभूतीने 'उत्तररामचरित' लिहिलं. संस्कृतातलं गाजलेलं नाटक, करुणरसाचं शिखर म्हणतात त्याला. त्याच्या दुसऱ्या अंकात राम शंबूकाला मारतो, आणि मेलेला शंबूक दिव्य रूप घेऊन समोर येतो आणि रामाचे उपकार मानतो. तुझ्या हातून मरण आलं, माझं सार्थक झालं, या भावनेने. मेल्यावरसुद्धा त्याच्या तोंडात त्याचे स्वतःचे शब्द नाहीत. मारणाऱ्याचं मन हलकं करायचं काम त्यालाच दिलं आहे.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. मारणं एक, आणि मेलेल्याकडून आभार वसूल करणं दुसरं. दुसरं जास्त भयंकर आहे, कारण ते करुण दिसतं.

*

आता कुणी म्हणेल, हे झालं पोथ्यांचं. नवे लेखक तर आपल्या बाजूचे आहेत. त्यांना आपल्याबद्दल कळवळा आहे. कळवळ्यावर माझा अविश्वास नाही. पण कळवळा असलेला लेखकसुद्धा कुणाला तरी बदलीवर पाठवतो की नाही, हे तपासलं पाहिजे.

प्रेमचंदांची 'कफन' घ्या. झोपडीत बुधिया बाळंतपणाच्या कळांनी तडफडते आहे. बाहेर सासरा घीसू आणि नवरा माधव भाजलेले बटाटे खात बसलेत. उठून आत कुणी जात नाही, कारण एक आत गेला तर दुसरा जास्त बटाटे खाईल. ती मरते. कफनाला म्हणून गोळा केलेल्या पैशांची दोघं दारू पितात. कथा मोठ्या ताकदीची आहे, नाकारून चालणार नाही. पण बुधिया कोण आहे? ती कथेत बोलत नाही, फक्त ओरडते. तिला काय आवडायचं, ती कुणावर चिडायची, पोटातल्या पोराचं नाव काय ठेवणार होती, काहीच नाही. दोन चांभार किती निर्लज्ज झालेत हे दाखवायला ती मरते. ओमप्रकाश वाल्मीकींसारख्या हिंदीतल्या दलित लेखकांनी या कथेवर आक्षेप घेतला, तो मला योग्य वाटतो.

पण त्याच प्रेमचंदांची 'सद्गति' वाचा. सत्यजित रायनी १९८१ साली तिच्यावर दूरदर्शनसाठी चित्रपटही केला. दुखी चांभार पोरीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला पंडिताकडे जातो. पंडित त्याला उपाशीपोटी लाकूड फोडायला लावतो. लाकडाची गाठ फुटता फुटत नाही, आणि कुऱ्हाड मारता मारता दुखी तिथंच मरून पडतो. इथपर्यंत ही कथा आणि आपल्या पोरांच्या कथा सारख्याच. फरक पुढं आहे. तिथं एक गोंड आहे. तो चांभारवाड्यात जाऊन सांगतो, प्रेत उचलायला जाऊ नका, पोलीस चौकशीला येतील. आणि कुणी जात नाही. प्रेत पडलं आहे ते नेमकं बामणांच्या विहिरीच्या वाटेवर. पाणी बंद. शेवटी पहाटे पंडिताला स्वतःच्या हाताने दोरीचा फास घालून प्रेत ओढत न्यावं लागतं. जिवंतपणी ज्याची सावली चालत नव्हती, त्याला मेल्यावर ओढायची पाळी पंडितावर आली. दुखी मेला, पण कथा मेली नाही, ती तिथून पुढं उभी राहिली. त्याच्या मरणाने कुणाची वाट अडवली, कुणाची अडचण झाली. मरण असं असेल तर माझी ना नाही.

बघा, लेखक एकच. एका कथेत मरण बदलीवर दिलेलं, दुसऱ्या कथेत मरणाने पंडिताचा हिशेब मागितला. म्हणून लेखकाची जात बघून निकाल देऊन टाकणं सोपं असलं तरी पुरेसं नाही.

हाच झगडा काळ्या लोकांच्या साहित्यात झालेला आहे, आणि तो आपल्याला माहीत असायला हवा. १८५२ साली हॅरिएट बीचर स्टोवे या गोऱ्या बाईने 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी पुस्तकरूपात आणली. गुलामगिरीविरुद्ध तिने मोठं काम केलं, हे खरंच. पण तिच्यातला टॉम फटके खाऊन मरतो आणि मरताना मारणाऱ्यांना माफ करतो. शंबूक आठवला का? तोच तो. पुढं १९६० साली हार्पर लीची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' आली. त्यातल्या निरपराध टॉम रॉबिन्सनला तुरुंगातून पळताना सतरा गोळ्या घालतात. ते मरण आपल्याला दिसतसुद्धा नाही, बातमी येते. त्या मरणाने शहाणी कोण होतात? गोऱ्या वकिलाची मुलं. एक काळा माणूस गेला, दोन गोऱ्या पोरांना माणुसकी कळली. पुस्तक वाचून डोळे ओले होतात, माझेही झाले. पण डोळे पुसल्यावर हिशेब करायचाच.

मधल्या काळात १९४० साली रिचर्ड राइटने 'नेटिव्ह सन' लिहिली. त्यातला बिगर थॉमस माफ करत नाही, स्वतः खून करतो आणि फाशीची वाट बघत शेवटच्या पानावर उभा असतो. सगळ्यांना वाटलं, घ्या, अंकल टॉम संपला. पण १९४९ साली जेम्स बाल्डविनने एक निबंध लिहिला. वय पंचविशीच्या आत. तो म्हणाला, बिगर हा टॉमचाच वंशज आहे, फक्त उलटा केलेला. एकाला साधुत्वासाठी मारलं, एकाला क्रौर्यासाठी. माणूस म्हणून जगू दिलं नाही दोघांनाही. आपला विद्रोही नायक लिहिताना बाल्डविनचा हा चिमटा मी स्वतःला घेत असतो. तोंडात शिव्या घातल्या म्हणून पात्र जिवंत होत नाही.

*

'लाडकं पात्र मारावं का' असा प्रश्न पांढरपेशे लेखक चवीने चर्चितात. मला आधी विचारायचंय, लाडकं म्हणजे काय? कुणाचं लाडकं?

आर्थर कॉनन डॉयलने १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यावरून ढकलून मारलं. त्याला कंटाळा आला होता. वाचक खवळले. दहा वर्षं ती कटकट चालली आणि १९०३ साली डॉयलने होम्सला परत आणलं, तो मेलाच नव्हता असं सांगून. वाचकाने मरण परत फिरवलं. आता मला सांगा, बुधियाला परत आणा म्हणून कुणी पत्र लिहिल्याचं ऐकलंय? टॉम रॉबिन्सनला तुरुंगातून सुखरूप बाहेर काढा म्हणून कुणी रडलं? नाही, कारण ती पात्रं लाडकी नव्हतीच कधी. ती बिचारी होती. बिचाऱ्याच्या मरणाने वाचकाला वाईट वाटतं, धक्का बसत नाही. मरायलाच आलेला होता तो. वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं.

आपल्या कथांची खरी गोम इथंच आहे. आपण नायकाला शेवटच्या पानावर मारतो असं नाही, आपण त्याला पहिल्याच पानावर मारलेला असतो. तो कधी हसत नाही. त्याला कुठल्या भाजीचा कंटाळा नाही, क्रिकेटचं वेड नाही, उधारी बुडवायची खोड नाही, बहिणीशी भांडण नाही. तो फक्त सोसतो. मग पाच पानं सोसून मरतो. अशा माणसाला वाचक विसरतो, तुम्ही कितीही रक्त सांडा.

नागराज मंजुळेंचा 'सैराट' २०१६ साली आला तेव्हा आपल्यातल्याही कित्येकांनी तक्रार केली. का मारलं आर्ची-परशाला? पोरांना भीती घातली, असं म्हणाले. मला ती तक्रार मान्य नाही. मंजुळेंनी अडीच तास त्यांना जगू दिलं आहे. विहिरीत उड्या मारू दिल्या, बुलेट चालवू दिली, हैदराबादच्या झोपडीत भांडू दिलं, संशय घेऊ दिला, रुसू दिलं, परत येऊ दिलं, घर बांधायची स्वप्नं बघू दिली. ती आपली झाली. आणि मरण आलं ते तलवारी घेऊन नाही, माहेरची आहेराची पिशवी घेऊन आलं. आर्चीने चहा टाकला. म्हणून थेटरातून माणसं गप्प बाहेर पडली. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. आणि मागे राहिलं ते पोर, रक्ताची पावलं उमटवत बाहेर जाणारं. त्या पोराचं काय, हा प्रश्न बघणाऱ्याच्या अंगावर टाकून सिनेमा संपतो. इथं कुणी कुणाच्या बदली मेलेलं नाही. कुणाचं मन हलकं झालेलं नाही.

आता त्याच गोष्टीचा हिंदी अवतार बघा, २०१८चा 'धडक'. जात पुसट करून टाकली. आणि शेवट बदलला. मुलगा मरतो, त्याच्याबरोबर बाळही मरतं, आणि राजघराण्यातली मुलगी वाचते. कुणी मुद्दाम बसून हा हिशेब केला असेल असं मी म्हणत नाही. पण शेवट बदलायची पाळी आली तेव्हा हात आपोआप कुठे गेला ते बघा. वरच्याला वाचवलं, खालच्याला त्याच्या वंशासकट मारलं. मंजुळेंच्या शेवटात दोघं बरोबरीने गेले आणि उद्याचं माणूस उरलं. 'धडक'मध्ये उद्याचं माणूसच कापलं. मरण दोन्हीकडे आहे, पण दोन मरणं एक नाहीत. आपल्या कार्यकर्त्यांनी हे दोन सिनेमे एकामागोमाग बघावेत, चर्चेला यापेक्षा चांगला विषय नाही.

त्याच २०१८ साली तमिळमध्ये मारी सेल्वराज यांचा 'परियेरुम पेरुमाल' आला. सुरुवातीलाच परियनची करुप्पी नावाची काळी कुत्री वरच्या जातीचे लोक रेल्वेच्या रुळाला बांधून मारतात. म्हणजे लाडकं पात्र आधीच मारून टाकलं. त्यानंतर पुढचा सगळा वेळ आपण धाकात, आता परियनचीही तीच गत होणार. लॉ कॉलेजात जातो, इंग्रजी येत नाही म्हणून हसतात, मार खातो, बापाचा अपमान बघतो. माणसं मारून अपघात दाखवणारा एक म्हातारा त्याच्या मागावर सुटलेला असतो. आणि परियन मरत नाही! तो मुलीच्या बापाला समोर बोलायला लावतो, स्वतः बोलतो, आणि सिनेमा चहाच्या दोन ग्लासांवर थांबतो. दोघं एक झाले असंही नाही, सगळं मिटलं असंही नाही. पण जिवंत माणूस समोर उभा राहून बोलला, तर मारणाऱ्याला खाली बघावं लागतं. प्रेतापुढे त्याला तसं बघावं लागत नाही, प्रेताला तो हार घालतो.

त्याच वर्षी पा. रंजित यांचा 'काला'ही आला, आपल्या धारावीचा. काला मेला की जगला हे रंजित उघड सांगत नाहीत. शेवटी रंगांच्या उधळणीत शत्रूला जिकडेतिकडे कालाच दिसतो. नायक एका देहातून वस्तीत पसरला. हाही एक मार्ग आहे. पण सांभाळून, कारण त्याची नक्कल फार सोपी आहे. 'तो मेला पण विचार अमर झाला' असं शेवटच्या ओळीत लिहून टाकलं की झालं, असं समजू नका. विचार अमर व्हायला आधी वस्ती दाखवावी लागते. रंजितनी ती घराघरातून दाखवली आहे.

*

आता आपल्या घरात येऊ. अण्णा भाऊंची 'फकिरा' १९५९ची. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्यात मरण भरपूर आहे. राणोजी गावाच्या जोगिणीसाठी जीव देतो. म्हणजे बघा, गावाच्या मानासाठी मांग बदलीवर गेला. अण्णा भाऊंना हे पक्कं कळत होतं. म्हणून त्यांनी राणोजीच्या पोराला दुसऱ्या वाटेने नेलं. फकिरा दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी धान्य लुटतो. आणि सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरतं तेव्हा तो स्वतः चालत जाऊन हजर होतो. त्याला कुणी गाठून पकडलेलं नाही. पहिल्या पिढीने दुसऱ्याच्या बदली जीव दिला, दुसऱ्या पिढीने आपल्या लोकांच्या बदली स्वतःला दिलं. बदली तीच, पण ती कुणी ठरवली हा फरक आहे. राणोजीच्या वेळी रीतीने ठरवलं, फकिराच्या वेळी फकिराने ठरवलं. नायक हा शब्द मला तिथं पटतो.

आणि बाबुराव बागूल. १९६३ सालच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत रेल्वेतला तरुण जात लपवून राहतो, उघडकीला येतं, आणि त्याला बेदम मारतात. बागूल त्याला तिथंच मारून टाकू शकले असते. कथेच्या दृष्टीने काही अडलं नसतं, उलट शेवट जास्त 'परिणामकारक' झाला असता असं एखादा प्राध्यापक म्हणाला असता. बागुलांनी त्याला काशीनाथच्या हातून वाचवलं. का? मला वाटतं, त्याला बोलता यावं म्हणून. मार खाल्लेला माणूसच सांगू शकतो की लाथा कुणाच्या होत्या आणि त्या लाथांमागे खरा हात कुणाचा होता. तो मेला असता तर ते लेखकाला बाहेरून सांगावं लागलं असतं, आणि मग ते भाषण झालं असतं. त्याच बागुलांनी १९६९ साली पुढच्या संग्रहाला नाव दिलं 'मरण स्वस्त होत आहे'. हे नाव प्रत्येक कथालेखकाने टेबलासमोर चिकटवून ठेवावं. बाहेर मरण स्वस्त झालंय, ते आपल्या हाताला नाही. पण कागदावरही ते आपणच स्वस्त करायचं काय?

*

शेवटचा मुद्दा जपून मांडतो, कारण तो कागदापुरता नाही.

हल्ली कथेत नायकाने स्वतःला संपवण्याची रीत वाढली आहे. १७ जानेवारी २०१६ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. देशभर पोरं रस्त्यावर आली. ते मरण वाया गेलं नाही असं आपण म्हणतो. म्हणू. पण रोहित जिवंत हवा होता, हे आधी म्हणायला पाहिजे. त्याच्यावरच्या मी वाचलेल्या कितीतरी कवितांत दोरी आहे. त्याला विज्ञानलेखक व्हायचं होतं, आकाशातल्या ताऱ्यांचं त्याला वेड होतं, ते फार थोड्या कवितांत आहे. आपल्या कथा कोण वाचतं? होस्टेलात एकटी पडलेली, शिष्यवृत्ती अडकलेली, वर्गात नाव घेऊन हिणवलेली पोरं वाचतात. त्यांच्या हातात आपण सुंदर, तेजस्वी, टाळ्या मिळवणारं मरण ठेवायचं? मी ठेवणार नाही. कथेत ते आलंच, तर त्यामागची अडवलेली शिष्यवृत्ती, बंद केलेलं दार, सही न करणारा हात सगळं नावनिशीवार येऊ द्या. आणि त्या पोराने ज्याला फोन करायला हवा होता तो मित्रही येऊ द्या. मरणाला सुंदर करू नका.

आणि मागे राहिलेला माणूस लिहा. २९ सप्टेंबर २००६ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. भैयालाल भोतमांगे वाचले. २०१७च्या जानेवारीत ते गेले, तोपर्यंत दहा वर्षांहून जास्त काळ ते न्यायासाठी झगडत राहिले. एक दिवसाचं मरण आपण सगळ्यांनी लिहिलं. दहा वर्षांचं जगणं कुणी लिहायचं? तारखांना जायचं, एकट्याने भाकरी खायची, परक्या घरात झोपायचं, सभेत बोलावलं की उभं राहायचं. नायक म्हणून मरणं कठीण आहेच, पण असं जगून दाखवणं त्याहून कठीण. आपल्या साहित्यात अजून या माणसाला पुरेशी जागा नाही.

म्हणून मी नियम सांगत नाही. नियम केला की उद्या कुणीतरी नियमाप्रमाणे कथा पाडायला लागेल. नायकाला मारायच्या आधी स्वतःला एवढंच विचारा. याने मरायच्या आधी एकदा तरी पोटभर हसून घेतलंय का? हा मेल्यावर कुणाचं मन हलकं होणार आहे? आपलं की मारणाऱ्याचं? याच्या मागून कोण बोलणार आहे, आणि स्वतःच्या तोंडाने बोलणार आहे की लेखकाच्या? आणि हा जगला असता तर उद्या सकाळी कुणाची झोप उडाली असती?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जर 'पुष्कळांची' असं असेल, तर हात आवरा. त्याला जगवा. त्या निषाद बाईसारख्या, नाव न मिळालेल्या पुष्कळ माणसांच्या बदली त्याला अजून बोलायचं आहे. ही बदली मात्र त्याने जरूर करावी.

जयभीम.